तोरणमाळ, लहानग्यांच्या चालीनं

दसरा उलटला की पुरुषोत्तमनगरात गप्पांचा विषय एकच. बॉयलर कधी पेटणार, मोळी कधी पडणार, यंदा पहिली उचल किती, टोळ्या किती येणार. शहाद्याजवळची ही वसाहत वाढली तीच सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या आसऱ्यानं. कारखान्याचा विषय निघाला की नाव येतं ते पी. के. अण्णा पाटलांचं, अण्णांचं नाव पुरुषोत्तम, तेच गावाचं. एकदा गळीत हंगाम सुरू झाला की ज्याच्या रानात ऊस उभा आहे त्यानं बाहेर पडायचं नाव काढू नये. तोड कधी येईल याचा नेम नसतो, आणि आली की बांधावर मालक हवाच.

म्हणून इथल्या शेतकरी घराला फिरायला मोकळीक मिळते ती दसरा आणि तोड यांच्यामध्येच. माझ्या बहिणीच्या घरी त्या मोकळिकीत कोजागिरी गाठायची असं ठरलं. बहीण, मेहुणे, तिच्या सासूबाई, तीन वर्षांचा थोरला, दीड वर्षाची धाकटी आणि पुण्याहून आलेली मी. मोठी माणसं संख्येनं दुप्पट. तरी घरात बहुमत लहानांचं.

ठिकाण ठरवायला बसल्यावर मेहुण्यांनी पहिलं नाव काढलं केवडियाचं. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथं सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि खानदेशातल्या कितीतरी घरांच्या दिवाळीच्या सहली तिकडं वळल्या. बहिणीनं शांतपणे विचारलं, "धाकटीला तो दिसेल का?" प्रश्न गमतीचा वाटला, पण रास्त होता. दीड वर्षाच्या पोरीचं जग मोठ्यांच्या गुडघ्यापर्यंत. तिला पुतळ्याची फार तर चप्पल दिसली असती, आणि तीही कुणी दाखवली तर. मग सापुताऱ्याचं नाव निघालं. तिथं सुट्टीत गर्दी उसळते, म्हणून तेही मागं पडलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "रोज सकाळी गच्चीवरून जो डोंगर दिसतो, तो तरी पोरांना जवळून दाखवा." उत्तरेकडं निळसर रेघ दिसते ती सातपुड्याची. त्या रेघेवर तोरणमाळ. हाकेच्या अंतरावर असल्यामुळंच घरातल्या निम्म्या लोकांनी ते धड पाहिलं नव्हतं.

बहिणीनं आखणी केली ती उलट्या बाजूनं. आम्ही पुण्यात आधी ठिकाणं लिहितो, मग मुलांना त्यात कोंबतो. तिनं कागदावर आधी दोघांच्या झोपा लिहिल्या, मग जेवणं, आणि उरलेल्या जागेत रस्ता. धाकटीची झोप सकाळी दहाला आणि पुन्हा दुपारी, थोरल्याची फक्त दुपारी. घाट लागायच्या वेळी थोरला झोपलेला हवा. त्यामागं शास्त्र आहे: गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा होत नाही, पुढं मात्र तो वाढत जातो. म्हणजे वळणावळणांची भीती धाकटीला नव्हती, थोरल्याला होती. ठिकाण एकच, मुक्कामही एकाच जागी. रोज सामान बांधायचं नाही. 'पॉइंट' किती बघायचे हा रकानाच तिच्या कागदावर नव्हता.

सामान मात्र दोन परंपरांचं झालं. बहिणीच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, तापमापी, पॅरासिटामॉलचं औषध, डासांचं मलम, उकळून गार केलेलं पाणी. सासूबाईंच्या पिशवीत मूग-तांदूळ भाजून केलेला भरडा, घरचं तूप, ओवा, आणि सहाणेसकट जायफळ. त्या मधाची बाटलीही टाकणार होत्या. "वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, पण धाकटी आता दीड वर्षाची आहे, चालेल," असं बहिणीनं सांगितल्यावर त्यांनी इतक्या सवलतीनं मिळालेली परवानगी नाकारली आणि बाटली कपाटात परत ठेवली. मुलांची निळी बाल आधार कार्डं घ्यायची का, यावर थोडं बोलणं झालं. मेहुण्यांनी अभिमानानं आठवण करून दिली की देशातलं पहिलं आधार कार्ड याच शहादा तालुक्यात, टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. कार्डं अर्थातच पिशवीत गेली.

निघाल्यावर शहादा आणि लोणखेडा चटकन मागं पडलं. लोणखेड्याला पूज्य साने गुरुजी विद्याप्रसारक मंडळाचं मोठं शैक्षणिक संकुल आहे, तेही अण्णांच्या पुढाकारातलं. त्यानंतर दोन्ही अंगांना रानं. तापीच्या खोऱ्यातली ही काळी जमीन आश्विनात किती श्रीमंत दिसते हे पुण्याहून येणाऱ्याला पटकन खरं वाटत नाही. ऊस, केळी, वेचणीला आलेला पांढराधोप कापूस आणि मैलोगणती पपई. याच जमिनीच्या मालकीवरून १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली होती. सावकारांकडं आणि मोठ्या शेतकऱ्यांकडं गेलेल्या आदिवासींच्या जमिनींचा तो लढा होता. आज गाडीच्या काचेतून दिसते ती हिरवळ.

एका बांधावर ट्रक भरत होता म्हणून गाडी थांबवली. बायका एकेक पपई वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळत होत्या. हाताची चाल ठरलेली: कागद तिरपा, फळ मध्ये, देठाकडची घडी आत, एक फिरकी, की झालं. गुंडाळलेली फळं ट्रकच्या हौद्यात पेंढ्यावर ओळीनं बसत होती, उत्तरेकडच्या बाजारांत जायला. थोरला अर्धा तास तिथून हलला नाही. त्याला फळांत रस नव्हता. ट्रकचं मागचं फळकूट कसं उघडतं यात होता. एका बाईनं पिकायला लागलेलं, म्हणून ट्रकला नको असलेलं एक फळ कापून धाकटीच्या हातात दिलं. पैसे विचारले तर ती हसली. धाकटीनं ते गालांनी, केसांनी, कानांनी मिळून खाल्लं. सहलीतलं सगळ्यांत यशस्वी जेवण तेच.

खरं तर आश्विनात या जिल्ह्याची दुसरी शान नंदुरबारात असते. ओली लाल मिरची बाजारात यायला लागते आणि गावाबाहेर पथाऱ्यांवर वाळायला पडते. जमीन दिसेनाशी होते, नजर जाईल तिथवर लाल. बायका रांगेनं बसून देठ खुडतात. मला ते बघायचं होतं. पण वाऱ्याबरोबर मिरचीचा जो खकाणा उठतो त्यात मोठ्यांना ठसके आवरत नाहीत, तिथं दीड वर्षाच्या फुप्फुसांना कशाला न्यायचं? बहिणीच्या कागदावर नंदुरबार नव्हतंच. मुलं बरोबर असली की काय बघायचं यापेक्षा काय गाळायचं हे आधी ठरतं, आणि गाळलेल्याची हळहळ मोठ्यांनी आपापसांत वाटून घ्यायची.

म्हसावदला चहा. टपरीसमोरच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांनी गाडीत डोकावून अहिराणीत विचारलं, "कथा चालनात?" म्हणजे कुठं चाललात, आणि उत्तराची वाट न बघता धाकटीला उचलून घेतलं. पुण्यात अनोळखी माणसानं मुलाला हात लावला तर आई दोन पावलं मागं सरते; मीही सरले असते. इथं बहीण निवांत चहा पीत राहिली. आजोबांनी धाकटीला टपरीतला स्टोव्ह दाखवला, बांधलेली शेळी दाखवली, शेजारच्या किराणा दुकानदाराकडं सोपवली, दुकानदारानं गल्ल्यातली नाणी वाजवून दाखवली. आम्ही चहा संपवेपर्यंत तिची म्हसावदच्या चौकातून एक फेरी झाली होती. लहान मूल ही इथं चौकाची मालमत्ता असते. त्याची एक बाजू अशी, की कुणीही येऊन "टोपी का नाही घातली?" असं तुम्हाला खडसावतो. बहिणीला ते दोनदा ऐकावं लागलं.

राणीपूर सोडलं की सपाटी संपते. रस्ता सागाच्या रानात शिरतो, मग डोंगराच्या अंगानं वर चढू लागतो. हा सातपायरी घाट. थोरला ठरल्याप्रमाणं झोपला होता. धाकटी टक्क जागी, प्रत्येक वळणाला "पुन्ना" म्हणून टाळ्या वाजवत. घाटात नागार्जुनाचं ठाणं आहे. तिथं थांबून खाली बघितलं तर आलेला रस्ता घड्यांवर घड्या पडल्यासारखा दिसतो आणि त्यापलीकडं तापीच्या खोऱ्याचा धुरकट पट्टा. खाली ऑक्टोबरची उन्हं भाजून काढत होती. इथं सासूबाईंनी पदर कानांवरून घेतला. नाथपंथाच्या खुणा या डोंगरावर सगळीकडं आहेत: वर गोरक्षनाथांचं मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते, तेव्हा हाच रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो.

तोरणमाळ हे अक्राणी तालुक्यातलं, हजार मीटरहून उंच असं पठार. थंड हवेचं ठिकाण म्हटलं की डोळ्यांपुढं येतात ती घोडी, चिक्की, माकडटोप्या आणि गाड्यांच्या रांगा. यातलं इथं फार थोडं. एक मोठा यशवंत तलाव, एक कमळ तलाव, थोडी विश्रामगृहं, आश्रमशाळा, पाडे आणि रान. मोबाइलला रेंज असली तर असली. थोरला उठल्या उठल्या कार्टून मागू लागला आणि फोनवर गोल फिरणारं चक्र बघत राहिला. पाचेक मिनिटं आरडाओरडा झाला. नंतर त्याला तलावाचा काठ सापडला.

तलावात दगड टाकणं हा उद्योग किती वेळ चालू शकतो याचा अंदाज मोठ्या माणसाला नसतो. सातपुडा बेसाल्टचा, त्यामुळं दगडांना तोटा नाही. थोरल्याची पद्धत अशी: दगड निवडायचा, आजीला दाखवायचा, आजीनं "चांगला आहे" म्हणायचं, मग तो टाकायचा आणि "बुडाला" असं जाहीर करायचं. एखादा आजीनं नापसंत केला तर तो परत ठेवून दुसरा. सासूबाई या कामाला एखाद्या परीक्षकाच्या गांभीर्यानं बसल्या होत्या. मेहुणे दोनदा घड्याळाकडं बघून म्हणाले, आवशाबारीचा सूर्यास्त बघायला निघायला हवं. कुणी हललं नाही. सूर्य तलावावरूनही मावळला, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही.

दुसऱ्या दिवशी चालत जवळच्या पाड्यावर गेलो. इथं गाव म्हणजे चिकटून बसलेली घरं नव्हेत. पावरा-भिल्लांची घरं एकेकटी, आपापल्या शेतात, दोन घरांमध्ये हाक पोचेल एवढं अंतर. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या शेणामातीनं लिंपलेल्या भिंती, वर कौलं, कौलांवर पसरलेला भोपळ्याचा वेल, पडवीत मक्याच्या कणसांची रास. एका अंगणात आम्हाला बघून बाईनं आधी खाट आणून टाकली, मग पाण्याचा तांब्या. कोण, कुठले, कशाला आलात हे नंतर. आमच्याकडं हा क्रम उलटा असतो: आधी दाराच्या जाळीतून चौकशी, पाणी मागाहून.

तिच्या कडेवर धाकटीच्याच वयाचं पोर होतं, लुगड्याच्या झोळीत बांधलेलं. दोन्ही हात मोकळे. त्या हातांनी ती भुईमुगाच्या शेंगा पाखडत होती. बहिणीनं बाबागाडी आणली होती. पाड्याच्या वाटेवर तिची चाकं पहिल्या दहा पावलांत मातीत रुतली आणि उरलेला रस्ता मेहुण्यांनी ती डोक्यावरून आणली. त्या बाईनं बाबागाडीकडं कुतूहलानं पाहिलं, दांडा धरून मागंपुढं केली आणि तिच्यात शेंगांचं सूप ठेवून ती अंगणात फिरवली. सगळे हसले. सूप बाबागाडीत नीट बसलं होतं, हेही खरं.

तिनं मुलांपुढं उकडलेल्या शेंगा ठेवल्या. बहीण अवघडली. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो, हे बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात. पण कुणी प्रेमानं पुढं केलेलं ताट कसं सारायचं? सासूबाईंनी प्रश्न सोडवला. दाणे सोलले, तिथल्याच पाट्यावर ठेचले, त्यात गुळाचा खडा मिसळून बोटाएवढे गोळे केले. दोन आमच्या पोरांना, दोन त्या घरातल्यांना.

इथं एक गोष्ट डोळ्यांत भरली. घरातली सहा वर्षांची मुलगी ताटली घेऊन बसली होती आणि तिचा अडीच-तीन वर्षांचा भाऊ त्याच ताटलीतून भाकरी आणि उडदाची डाळ आपल्या हातानं खात होता. कुणी त्याच्यामागं वाटी घेऊन धावत नव्हतं, 'हा शेवटचा घास' म्हणत नव्हतं. सांडत होतं ते कोंबड्या टिपत होत्या. आमचा थोरला घरी एका जेवणाला पाऊण तास आणि दोन प्रौढ माणसं वापरतो. तो त्या ताटलीसमोर उकिडवा बसला, डाळीत बोट बुडवून चाखली, आणि तोंड वाकडं न करता पुन्हा बुडवली. बहीण काही बोलली नाही. बोलली असती तर तो उठला असता.

हे चित्र गोड आहे म्हणून पुरं आहे असं नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा ही तालुक्यांची नावं वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येतात ती बालकांच्या कुपोषणाच्या बातम्यांत. राज्य सरकारनं २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. पुढं लहान मुलांना अंडी किंवा केळी. पाड्यावरून परतताना अंगणवाडी लागली. भिंतीवर रंगवलेली मुळाक्षरं, कोपऱ्यात वजनकाटा, दाराशी चपला. ताई रजिस्टर भरत होत्या. थोरला वजनकाट्याकडं खेळणं म्हणून धावला, ताईंनी हसून त्याला उभं केलं आणि आकडा बघून म्हणाल्या, "आमच्याकडं या वयाचं इतकं वजन भरलं की आम्ही पेढे वाटू." बहिणीनं त्याला घाईघाईनं काट्यावरून उतरवलं.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न पठारावर वेगळाच. मोठ्यांना शेवभाजी मिळाली, वर बोटभर लाल तर्री. खानदेशात पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर जेवण अळणी झालं असं समजतात. मुलांचं काय? पुण्यातल्या हॉटेलांत अशा वेळी 'किड्स मेन्यू' पुढं येतो आणि त्यात तळलेले बटाटेच असतात. इथल्या आचाऱ्यानं विचारलं, "पोरांना बट्टी चुरून देऊ का?" मग वरण-बट्टी आली: गव्हाच्या जाड पिठाची, उकडून तळलेली बट्टी, हातानं बारीक चुरलेली, वर फिकं वरण आणि घरून आणलेलं तूप. वेगळा पदार्थ नाही. मोठ्यांचाच, फक्त मऊ केलेला.

कोजागिरीचं दूध आटवायला त्याच आचाऱ्यानं चूल मोकळी करून दिली. दुधात पडलेली चारोळी पुण्यात आम्ही पाकिटातून काढतो. तिची झाडं याच रानात आहेत. उन्हाळ्यात पाड्यांवरची माणसं ती वेचतात, फोडतात आणि बाजारात नेतात. दूध उतू जायच्या बेतात असताना थोरला पेंगत पेंगत गोष्ट मागू लागला. सासूबाईंनी सांगितली अश्वत्थाम्याची. गरिबाघरचं पोर, दूध कधी पाहिलेलं नाही. सवंगडी दूध पितात म्हणून रडलं, तर त्याला पिठात पाणी कालवून दिलं, आणि ते दूध प्यायलो म्हणून नाचलं. पुढं तो मोठा झाला, युद्धात पाप केलं, कपाळाची जखम घेऊन आजही याच डोंगरांत हिंडतो, जखमेवर घालायला तेल मागतो. अस्तंभ्याचा डोंगर याच अक्राणी तालुक्यात, शाळेच्या भूगोलात १,३२५ मीटर उंचीचा म्हणून पाठ केलेला. धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो लोक रात्री मशाली-बॅटऱ्या घेऊन तो चढतात. आचाऱ्याचा धाकटा भाऊ त्याच तयारीत होता. "पुढं काय?" असं विचारायच्या आत थोरला झोपला. त्याचा पेला मी प्यायले.

सकाळी सीताखाई. कमळ तलावाचं पाणी इथं दरीत उडी घेतं. आश्विनात धार बारीक झालेली असते, पण दरी तीच, खोल, तुटक्या कड्यांची. लहान मुलांना घेऊन कड्यावर गेलेल्या प्रत्येक घरानं जे केलं असेल तेच आम्ही केलं: दोघांनी दोघांची मनगटं धरायची, बाकीच्यांनी पुढं होऊन बघायचं, मग पाळी बदलायची. त्यामुळं सीताखाई कुणीच एकत्र पाहिली नाही. परतल्यावर मेहुणे म्हणाले, डावीकडचा कडा काय सुंदर आहे. बहीण म्हणाली, डावीकडं कडा होता का? थोरल्याचं लक्ष पावलांकडं होतं. या दिवसांत गवत पिकलेलं असतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. मग झाडाखाली बसून चार मोठी माणसं दोन जोड मोज्यांतली कुसळं उपसत बसली. एकेक कुसळ टोकाकडून धरून सरळ ओढावं लागतं. उलटं ओढलं की ते आणखी आत जातं. धाकटी अनवाणी, खूश, मातीत.

उतरताना घाटाच्या तोंडाशी सीताफळांच्या पाट्या होत्या. आणि राणीपूरच्या अलीकडं एक पिकअप गाडी उभी होती. मागं खाट उलटी ठेवलेली, तिच्या पायांना बांधलेली दोन पातेली, ज्वारीचं पोतं, कोंबड्यांची डालगी, पाण्याचा पिवळा ड्रम, आणि या सगळ्याच्या फटीफटींत माणसं. बायकांच्या मांडीवर लेकरं, काही धाकटीपेक्षाही लहान. मुकादम फोनवर बोलत होता. ही माणसं तोडीला निघाली होती.

सातपुड्यातून दरवर्षी या दिवसांत अशी कुटुंबं खाली उतरतात. काही शहादा-तळोद्याच्या फडांवर राहतात, बरीच गुजरातेत सुरत-बारडोलीकडच्या ऊसपट्ट्यात जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोलीच्या कारखान्यांवर लिहिताना खानदेशातून येणाऱ्या या मजुरांचं जिणं मांडलं होतं. उचल आधी घेतलेली असते, ती अंगमेहनतीनं फेडायची. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. मूल त्या हिशेबात नसतं, पण फडावर असतं: उसाच्या पाचटाच्या कोपीत, बैलगाडीच्या सावलीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

बहीण सीताफळं घेत होती तेव्हा त्या पिकअपमधली एक आई खाली उतरली आणि तिनं दुकानातून बिस्किटाचे पुडे आणि तापाचं औषध घेतलं. दोघी शेजारी उभ्या होत्या. एकीनं बाहेर पडायचं म्हणून मुलांच्या झोपा कागदावर लिहिल्या होत्या. दुसरीचंही काहीतरी आखलेलं असणारच, कुठं पाणी मिळतं, कोपीत वारा कुठून शिरतो, रात्री पोर कुणाशेजारी झोपवायचं. त्या बाईनं धाकटीच्या केसांत अडकलेलं एक कुसळ काढून टाकलं, "जाऊ?" असं म्हणून निघून गेली. मेहुण्यांनी मुकादमाला विचारलं, टोळी कुठली? तो म्हणाला, बारडोली. मेहुणे गाडीत बसल्यावर बराच वेळ उसाबद्दलच बोलत होते: इकडं तोडीला माणूस मिळत नाही, तिकडं भाव बरा मिळतो, यंत्रानं तोड केली तर पाचट वाढतं. त्यांचं म्हणणं खरं होतं. बहीण खिडकीबाहेर बघत होती.

दरा गावाजवळच्या उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. तिकडं वळावं असं सासूबाईंच्या मनात होतं. धाकटी झोपली होती, म्हणून वळलो नाही. त्याऐवजी धाकटी जागी होईपर्यंत पुढं जाऊन प्रकाशा गाठलं. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचं हे गाव, दक्षिण काशी म्हणवणारं. काशी करून आलेल्यानं प्रकाशाला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं इथली माणसं सांगतात. केदारेश्वराच्या देवळात घंटा उंच टांगलेली. थोरल्याला ती वाजवायची होती. आधी मेहुण्यांनी उचललं, मग मी, मग एका अनोळखी काकांनी, मग पुजाऱ्यांनी. पाचव्या वेळी पुजारी म्हणाले, "आता देव उठला, पुरे."

इथल्या टेकाडावर १९५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उघडे पडले. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही या काठावर कुणाचं तरी पोर पाण्यात दगड टाकत होतं, आणि कुणीतरी मागून त्याचं मनगट धरलं होतं. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते, पश्चिमेकडं. प्रकाशाच्या बंधाऱ्यानं इथं पाणी तुंबून राहतं, त्यामुळं घाटावर बसलेल्याला ती वाहते आहे हे पटकन कळत नाही. थोरल्यानं पाण्यात एक निर्माल्याचं फूल टाकलं आणि ते कुठं जातं हे बघत बसला. ते बराच वेळ कुठंच गेलं नाही.

गाडीत बसताना सासूबाईंनी पुढच्या सहलीचा विषय काढला. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा, तिथं घोड्यांचा बाजार. लांबलांबून घोडे येतात, काळे, पांढरे, अबलख. "पोरांना घोडे दाखवू." मेहुणे म्हणाले, तेव्हा तोड चालू असेल, मला जमायचं नाही. थोरल्यानं घोड्याला ट्रॅक्टरसारखी ट्रॉली लावतात का असं विचारलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण बहिणीनं पर्समधून कागद काढला होता आणि ती सासूबाईंना विचारत होती, "घोडेबाजारात दुपारी सावली कुठल्या बाजूला असते?"